पाच सेकंदांत करून दाखवा!

लॅपटॉपचा टचपॅड चालेनासा झाला तर काय करावं, या माझ्या लेखाखाली मिरजेच्या एका वाचकांनी लिहिलंय: "माउस लावल्यावर टचपॅड बंद होणं हा बिघाड नाही, सेटिंग आहे. पाच सेकंदांचं काम. त्यासाठी आधी ड्रायव्हर (टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर) काढायला सांगून लोकांना घाबरवू नका. बॅटरी फुगली तरी टचपॅड अडकतो, त्याचा उल्लेखही नाही. माहिती नसेल तर लिहू नये."

चूक दाखवा, ऐकून घेतो. पण "माहिती नसेल तर लिहू नये" ही कुठली बोलायची पद्धत? समोरासमोर बसून असं बोलला असतात का?

एक चूक कबूल करतो. लेखात मी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइसेस' उघडा म्हटलं, ते विंडोज १० चं. ११ मध्ये तेच 'ब्लूटूथ आणि डिव्हाइसेस' झालंय. दुरुस्त केलं. झालं समाधान?

आता तुमच्या पाच सेकंदांकडे येतो.

आमच्या दाजींचा सांगलीत हळदीचा व्यापार. परवा ते वायरलेस माउस मार्केट यार्डातल्या पेढीवर विसरले आणि लॅपटॉप घेऊन विश्रामबागला घरी आले. डोंगल, म्हणजे त्या माउसचा यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, मात्र लॅपटॉपलाच. डोंगल दिसलं की विंडोजच्या लेखी माउस जोडलेला. मग तो बंद असो नाहीतर दोन मैलांवर पेढीवर पडलेला असो. त्यांच्या लॅपटॉपला 'माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा' या ओळीपुढची खूण नव्हती. म्हणजे माउस हातात नाही, टचपॅड हलत नाही. आता सांगा, त्या सेटिंगपर्यंत जायचं कशानं? बोट दाखवून?

मी फोनवर सांगत बसलो. विंडोजची कळ आणि आय एकदम दाबा. टॅब दाबत पुढे सरका, बाणांनी खाली या, एंटर मारा, ओळ सापडली की स्पेसबार. दाजींनी दोनदा टॅबऐवजी कॅप्स लॉक दाबलं. मधेच म्हणाले, "अरे, आता मी आहे तरी कुठं?" एकूण अकरा मिनिटं लागली. नुसतं डोंगल उपसलं असतं तरी टचपॅड जागा झाला असता, हे फोन ठेवल्यावर सुचलं. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की पाच सेकंद कुणाचे? तुमचे की दाजींचे?

आणि सगळ्या लॅपटॉपांत ती ओळ तिथेच असते असंही नाही. सिनॅप्टिक्स किंवा इलान या कंपन्यांचा ड्रायव्हर असलेल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत ती कंट्रोल पॅनेलमध्ये, माउसच्या गुणधर्मांत, अगदी शेवटच्या टॅबमध्ये मिळते. तिथे अर्थही उलटा. विंडोजच्या खुणेनं टचपॅड चालू राहतो, तिथल्या खुणेनं तो बंद होतो. घाईत खूण करणारा माणूस आणखीच फसतो. करा हेही पाच सेकंदांत.

राहिली माझी माहिती. माउसच्या पोटातला रबरी गोळा काढून रोलरवरची मळी नखानं खरवडलेला माणूस आहे मी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं. ते ओसरल्यावर ओळखीच्या दुकानांतले सात सीपीयू माझ्या गच्चीवर वाळत होते. चार चालू झाले. तेव्हा तुम्ही कुठं होता, हे मी विचारत नाही.

ड्रायव्हरचं म्हणाल तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे राव? डिव्हाइस मॅनेजरमधून काढला तरी लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर विंडोज बहुतेक वेळा तो आपणहून बसवतं. तो उपाय मी पहिला दिला आणि सेटिंग चौथं दिलं, हे खरं. क्रम ज्याचा त्याचा. वरच्या रांगेतली टचपॅडचं चित्र असलेली कळ चुकून दाबली जाते, काही एचपी लॅपटॉपांत टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर दोन टिचक्या मारल्या की तो बंद-चालू होतो, हेही त्याच लेखात होतं. त्याबद्दल एक चांगला शब्द नाही.

बॅटरी हा वेगळा विषय. ती फुगली की टचपॅडला खालून रेटते, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही. असा लॅपटॉप चार्जिंगला न लावता दुरुस्तीला द्यायचा. एवढं मलाही कळतं.

दाजींचा लॅपटॉप सध्या माझ्याकडेच आहे. ती खूण मी पुन्हा काढून ठेवलीय, डोंगल लावलंय, माउस कपाटात. मिरजेहून सिटी बस मिळते. या एकदा, घड्याळ मी लावतो. आणि डोंगलला हात लावायचा नाही.