आधी चिखल, मग आंघोळ

थायलंडमधल्या चियांग मायचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न, हत्तीला आंघोळ कुठे घातलीस, लिंक दे. लिंक देत नाहीये, राग मानू नका, कारण सांगते.

आधी खरं बोलते, मजा आली. खूप म्हणजे खूपच. सकाळी गाडी हॉटेलवर न्यायला येते, शहराबाहेर डोंगरात दीडेक तास, तिथे पोचलं की अंगात घालायला विणलेला करेन सदरा देतात (करेन म्हणजे तिकडच्या डोंगरातली जमात, बरेचसे माहूत त्यांच्यातलेच), हातात उसाच्या कांड्यांची टोपली आणि समोरून ती येते. चाळिशीची हत्तीण. सोंडेचं टोक गरम, ओलसर, त्याला वरच्या बाजूला बोटासारखं एकच टोक, आफ्रिकन हत्तीला म्हणे दोन असतात, आणि त्या एका बोटाने तिनं माझ्या तळहातावरचं कांडं चिमटीत मीठ घ्यावं तसं अलगद उचललं. अंगभर राठ काळे केस असतात हे मला माहीतच नव्हतं, हात फिरवला की टोचतात. मी तिच्याशी चक्क मराठीत बोलत होते, नवऱ्याकडे व्हिडिओ आहे, तो कुणालाही दाखवायचा नाही असं ठरलंय.

मग गाईड म्हणाला आता मड स्पा. आम्ही दहा जणांनी खड्ड्यातला चिखल उचलून तिच्या अंगाला थापला. नंतर तिला नदीत नेलं आणि तोच चिखल ब्रशनं घासून काढला, बादल्या ओतल्या, फोटोवाल्यानं वन टू थ्री म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाणी उडवायचं. माझा प्रोफाइल फोटो तोच होता, कालपर्यंत.

खटकलं ते निघताना. कपडे बदलून बाहेर आले तर दुपारच्या ग्रुपची गाडी येऊन लागलेली आणि तीच हत्तीण, अजून पाठ ओली, परत चिखलाच्या खड्ड्याकडे चाललेली. माहूतानं तोंडानं फक्त टॉक असा आवाज काढला आणि ती निमूट वळली. म्हणजे आम्ही तिला मळवली ती धुवायला मिळावी म्हणून, आणि धुतली ती पुढच्यांना मळवायला मिळावी म्हणून.

हॉटेलवर येऊन वाचत बसले. हत्तीला घाम जवळपास येतच नाही, नखांच्या आसपास काय थोडाफार येत असेल तेवढाच. कातडीच्या सुरकुत्यांत पाणी आणि चिखल धरून ठेवायचा, तो हळूहळू वाळतो तसं अंग गार राहतं, ऊन आणि माश्याही लागत नाहीत. आणि आम्ही माणशी १५०० बाट मोजून तो घासून काढत होतो!

पाठीवर बसायचं नाही हे आता बऱ्याच जणांना कळलंय, म्हणून बोर्डावर 'नो रायडिंग' मोठ्या अक्षरात आणि खाली आंघोळीचे फोटो. पण दहा अनोळखी माणसं अंगाला झोंबत असताना एवढं टनावारी वजनाचं जनावर ढिम्म उभं राहतं ते काय आपल्यावर जीव जडला म्हणून? लहानपणी आईपासून तोडून, बांधून, मारून वठणीवर आणायची जुनी पद्धत आहे तिकडे, फाजान म्हणतात. माझ्या हत्तिणीचं काय झालं होतं हे मी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नसतं. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमधल्याच कोह याओ बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश मुलीचा जीव गेला. दोष त्या हत्तिणीला द्यायचा का, तुम्हीच सांगा.

आता 'बंद करा हे सगळं' म्हणणाऱ्यांसाठी. करा की, पण मग हत्ती खाणार काय? १९८९ मध्ये थायलंडनं जंगलतोडीवर बंदी घातली, लाकडं ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले, ते वळले टुरिस्टांकडे. २०२० मध्ये कोविडनं टुरिस्टही गेले, तेव्हा शंभराहून जास्त हत्ती चियांग मायच्या कॅम्पांतून डोंगरवाटांनी आपापल्या करेन गावांकडे चालत गेले. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, आणि ज्या देशाच्या झेंड्यावर एकेकाळी पांढरा हत्ती होता तिथे पाळीव हत्ती १९३९ च्या कायद्यानं अजून घोडा, म्हैस, गाढवाच्या रांगेतलं ओझ्याचं जनावर आहे. त्यामुळे माहुताला व्हिलन करून मोकळं होणं मला जमत नाही, तो दिवसभर पाण्यात उभा होता, आम्ही तासभर. तिकीट काढणारे आपण आहोत, आपण आंघोळ मागतो म्हणून आंघोळ विकली जाते, उद्या लांबून बघायला मागितलं तर तेही विकतील आणि पोट दोघांचंही भरेल.

तसं विकणाऱ्या जागा आहेतही. निघायच्या आदल्या दिवशी हट्टानं एकीकडे गेलो. नवरा म्हणाला एवढे पैसे भरून लांबूनच बघायचं तर यूट्यूब काय वाईट. लाकडी माचीवर दोन तास बसलो, पहिला तास नुसतीच झाडं. मग दोन हत्तिणी आल्या, पाण्यात शिरल्या, एकीनं अख्खं डोकं बुडवून सोंड तेवढी वर ठेवली, मनसोक्त डुंबल्या. बाहेर येऊन पहिलं काम काय केलं, तर सोंडेत लाल माती घेऊन ओल्या पाठीवर फसाफस उडवली. ब्रश घेऊन कुणी धावलं नाही.

फोटो धड आला नाही, फार लांब होत्या.