पुरात भिजलेले बूट ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवू नका

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की दरवर्षी एक मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: बेसमेंटमध्ये पाणी शिरून चामड्याचे बूट भिजले तर टाकू नका. बादलीभर उकळत्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घाला, वर लिंबू पिळा, बूट रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी कडक उन्हात नाहीतर हेअर ड्रायरनं वाळवा, लगेच खोबरेल तेल चोपडा. वास राहिलाच तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, उरलेसुरले जंतू मरतील आणि बूट नव्यासारखे होतील.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळघरात ठेवलेलं किती सामान मातीमोल झालं हे शाहूपुरीतल्या, कुंभार गल्लीतल्या माणसाला सांगायला नको. पण हा उपाय बूट वाचवत नाही, आणि करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

सगळ्यात आधी ते लिंबू. ब्लीचिंग पावडरमध्ये लिंबू, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड असं काहीही आंबट मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे बेसमेंटसारख्या खोलगट, बंद जागेत तो खालीच साचून राहतो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, छातीत भरलं तर दवाखाना गाठावा लागतो. बाकी काही पटो न पटो, एवढ्या एका ओळीसाठी हा मेसेज पुढे पाठवू नका.

आता ब्लीचिंग. पूर ओसरला की गल्लीत, गटारीकडेला पांढरी पावडर मारलेली आपण पाहतो, म्हणून ती सगळ्याच जंतूंवर चालते असं वाटतं. फरशीवर ती चालते. चामडं मात्र मुळात प्रथिन आहे आणि क्लोरीन प्रथिनालाच खातो. यात दुहेरी नुकसान होतं. कातडं आणि गाळ यांच्यावरच क्लोरीनची ताकद संपते, जंतूंसाठी फारसा उरत नाही. आणि कातड्याचे तंतू तुटतात. वाळल्यावर बूट वरून ठीक दिसतो. पाय वाकतो त्या घडीवर काही दिवसांनी चीर पडते, शिलाईची भोकं फाटत जातात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वितळलेल्या धातूच्या रसाशेजारी उभं राहणाऱ्या कामगाराच्या सेफ्टी बुटाचं असं झालं तर प्रश्न बुटाच्या किमतीचा राहत नाही, पायाचा होतो. त्यातून पुढच्या लोखंडी टोपीला क्लोरीननं गंज चढतो, तो वेगळाच.

उकळतं पाणी तर नकोच. बाभळीची साल, हिरडा यांत कमावलेलं कातडं, म्हणजे आपल्या कोल्हापुरी चपलेचं, ओलं असताना साधारण ७० अंशांच्या पुढे तापलं की आकसतं आणि कडक होतं. उकडलेलं अंडं जसं परत पातळ होत नाही, तसं ते कातडंही परत मऊ होत नाही. कारखान्यात क्रोममध्ये कमावलेलं बुटाचं कातडं जास्त तग धरतं, पण तळव्याचा डिंक सुटतो. धुवायला साधं गार, स्वच्छ पाणीच घ्या.

उन्हाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. पुराच्या पाण्यातला ज्याचा धसका आपण घेतो तो लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू कोरडेपणात तगत नाही, म्हणजे बूट नीट वाळवणं हाच निम्मा उपचार. पण कडक ऊन आणि ड्रायर बाहेरची कातडी आधी वाळवतात. ती आकसते, तळ वाकडा होतो, आणि पंजाच्या टोकाशी ओल तशीच राहते. वाळवायचं ते सावलीत, पंख्याखाली, सावकाश.

ते करावं असं. हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क. नाडी काढा, आतला सुटा सोल उचला. त्याखाली हमखास काळा, चिकट, वास मारणारा थर सापडतो. बुटाचा सडका वास बहुतेक तिथूनच येतो. सोल फेकून द्या, नवा स्वस्तात मिळतो. हलका साबण आणि मऊ ब्रशनं आतबाहेर गाळ काढा, साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला. मग कोरे कागद कोंबा आणि पहिल्या दिवशी ते दर दोन-तीन तासांनी बदला. लोखंडी मांडणीवर ठेवू नका. साल-हिरड्याच्या कातड्याला ओलं असताना लोखंड लागलं की न जाणारे काळे डाग पडतात. आत बोटं घालून पंजाचं टोक चाचपा. तिथं गार लागतंय तोवर ओल आहे. आपल्याकडच्या श्रावणी हवेत याला आठवडासुद्धा लागतो, आणि बुरशी एक-दोन दिवसांतच धरू शकते, म्हणून पंखा बंद करू नका.

वरचं पाणी सुकलं की ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन आतबाहेर पुसा. मेडिकलमध्ये मिळतं. आधी कोपऱ्यात लावून रंग सुटत नाही ना ते बघा, आणि गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा यांपासून लांब, उघड्यावर हे काम करा. चामडं सच्छिद्र असतं, त्यामुळे यानंही ते शंभर टक्के निर्जंतुक होत नाही.

तेल पाजणं आपल्याकडे जुनंच, पण ते वाळत आलेल्या कातड्याला, पातळ हातानं. ओल्यावर चोपडलं तर ओल आत कोंडते आणि बुरशीचं फावतं. फ्रीझरमध्ये तर बुरशी आणि बहुतेक जंतू नुसते थिजतात. बाहेर काढले की पुन्हा वाढतात. शिवाय तिथं आपण खायचं ठेवतो.

राहिला "टाकू नका" हा आग्रह. पावनखिंडीच्या वाटेवर घातलेले बूट टाकवत नाहीत, हे मला कळतं. तरीही बेसमेंटमध्ये गाड्यांचं डिझेल-ऑइल पाण्यावर तरंगत होतं आणि ते कातड्यात मुरलंय, ड्रेनेज उलटं येऊन बूट दिवसेंदिवस त्यात पडून होते, तळव्यातली लोखंडी पट्टी गंजून फुगलीय, किंवा बूट लहान मुलाचे आहेत, तर ते टाकाच. पायाला भेग, जखम असेल किंवा घरात मधुमेहाचं माणूस असेल तरी हाच नियम. टाकताना वरचं कातडं सुरीनं उभं चिरा, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरं कुणी ते पायात घालणार नाही. आणि साफसफाईनंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात हात घातला होता हे आधी सांगा.