"डावीकडे ओढायची, आता उजवीकडे ओढते" या अभिप्रायाला मालकाकडून उत्तर

नमस्कार सर. रविवारी तुमचा वेळ गेला, मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. १ स्टार दिलात, तुमचा हक्क आहे. पण "गाडी डावीकडे ओढत होती, यांनी उजवीकडे ओढायला लावली, तीन तास बसवून ठेवलं, माझ्या पेट्रोलवर फिरून आले आणि ८५० रुपये घेतले, मुद्दाम बिघडवली असणार" असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत. गप्प बसलो तर वाचणाऱ्याला ते खरंच वाटायचं. साताऱ्यात आमचा चाकांच्या अलाइनमेंटचा धंदा तोंडी शब्दावर चालतो.

पैशाचं आधी संपवतो. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे ४५०, चार चाकांच्या बॅलन्सिंगचे ४००. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं म्हणून बॅलन्सिंग तुम्हीच सांगितलं होतंत. तपासणीचा आणि टायर बदलाबदलीचा एक रुपया लावलेला नाही. तीन तासांतला पहिला तास तुमच्या आधी दोन गाड्या होत्या त्यात गेला, तेही आल्या आल्या सांगितलं होतं.

आता उजवीकडे ओढण्याचं. पोरानं पहिल्यांदा हवा बघितली. तुम्ही म्हणालात, कालच भरलीय. पुढच्या डाव्या चाकात २४ निघाली, उजव्यात ३३. कमी हवेच्या अंगाला गाडी ओढणारच, म्हणून हवा सारखी केली आणि वाढे फाट्यावरून लिंबखिंडीपर्यंत मी स्वतः गाडी नेली. हीच ती पेट्रोलवाली फेरी. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार ठेवतात, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर, आणि आपण चालवतो डावीकडून. कोरी गाडीसुद्धा स्टेअरिंग सैल सोडलं की हळूहळू डावीकडे सरकते. मग गाडी उतारानं सरकतेय की खरोखर ओढतेय, हे रॅम्पवर उभ्या गाडीत कसं कळणार? त्यासाठी रस्त्यावरच जावं लागतं, लेन बदलून बघावं लागतं. तुमची गाडी खरोखर ओढत होती, ब्रेकला पाय न लावता.

परत आल्यावर दोन्ही रिमजवळ हात धरून बघितला, एकही जास्त तापलेली नव्हती. जॅकवर चाकं हातानं फिरवली, मोकळी फिरली. म्हणजे कॅलिपर, ब्रेक आवळणारा भाग, जाम नाही. लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातली रबरं, टॉमी (लोखंडी पहार) लावून बघितली, ठीक होती. मग मशीनवर घेतली. टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन, थोडा मर्यादेबाहेर होता, तो बसवला. पण टो चुकला की टायर झिजतो, स्टेअरिंग वाकडं राहतं, गाडी सहसा एका अंगाला ओढत नाही. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन्ही बाजूंचे कंपनीनं दिलेल्या मर्यादेत होते, रीडिंगची प्रिंट तुमच्या हातात दिलीय.

राहिले टायर. पुढच्या उजव्यावर ३१२२ छापलंय, म्हणजे २०२२ सालचा एकतिसावा आठवडा. डाव्यावर १४१९. कंपनीही वेगळी. रेडियल टायर बनताना आतले स्टीलचे पट्टे किंचित सरकलेले राहिले, तर निमुळता पेला आडवा ढकलला की जसा वळत जातो तसा तो टायर एका बाजूला जायला बघतो. वरून काही दिसत नाही, अलाइनमेंटच्या मशीनलाही कळत नाही. ओळखायचा खात्रीचा उपाय म्हणजे पुढची दोन चाकं आपसात बदलायची. टायरवर बाणाची खूण नव्हती, म्हणून बदलता आली. पुन्हा फेरी मारली, गाडी उजवीकडे ओढायला लागली.

आम्ही हेच तर शोधत होतो, सर! ओढ जागा बदलून टायरबरोबर गेली, म्हणजे दोष टायरचाच. मी तेव्हाच काउंटरवर येऊन सांगितलं की पुढची चाकं मागे टाकू, अर्धा तास लागेल, ओढ बरीच कमी होईल, पुढे-मागे कधी जमेल तेव्हा पुढं एकसारखी जोडी घाला. तुम्ही फोनवर होतात. "नंतर बघू, साखरपुड्याला उशीर होतोय" म्हणालात आणि चावी उचललीत. मी काय गाडीपुढं आडवा पडणार होतो?

तुम्हाला खूश करून पाठवायचं असतं तर तेही येतं. या गाडीला पुढचा कॅम्बर कंपनीकडून ॲडजस्ट होत नाही, पण स्ट्रटची, म्हणजे चाकाला धरणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाची, भोकं घासून, चाक तिरकं बसवून ओढ लपवता येते. गाडी सरळ चालते, ग्राहक पाच स्टार देतो आणि काही महिन्यांनी टायर एका कडेनं खाल्लेला निघतो. तसलं काम आमच्याकडं होत नाही आणि होणारही नाही.

यापुढं फेरीला ग्राहकाला शेजारी बसवून न्यायचं असं पोरांना सांगितलंय. बसायच्या जागेचंही काहीतरी बघतो.

तुम्ही कधीही या, चाकं मागे-पुढे करून देतो, पैसे नकोत. रविवार तेवढा टाळा. स्टार तुमच्या मनावर. फक्त "मुद्दाम बिघडवली असणार" हे वाक्य काढलंत तर बरं होईल, कारण ज्या पोरानं तुमची गाडी केली त्यानंही ते वाचलंय.