‘चार इंचांचं खेळणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(तुम्ही नाव दिलेलं नाही, पण ‘तीस वर्षं मस्कीच्या मागे आहे’ असं लिहिलंय, म्हणजे काका म्हणायला हरकत नसावी.)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुमच्या लीडरकडे (दोरी आणि आमिष यांच्यामधल्या तारेकडे) लक्ष गेलं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी मस्की या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शिकारी माशासाठी दहा-बारा सेंटिमीटरच्या छोट्या ग्लाइड बेटची (डावी-उजवीकडे घरंगळणाऱ्या कृत्रिम आमिषाची) शिफारस केली होती. काकांचं म्हणणं, मस्की हा दहा इंची आमिषांचा मासा. चार इंचांची खेळणी दाखवून मी नवख्यांना भलत्या वाटेला लावतेय. त्यांनी स्वतः विस्कॉन्सिनमधल्या चिप्पेवा फ्लोएज या जलाशयावर एक दुपारभर तसलं आमिष फेकून पाहिलं, ते ‘चुलीच्या ढलपीसारखं सरळ’ येत राहिलं, आणि मागे एक मासा फिरकला नाही. वर, छोटं आमिष मासा खोलवर घेतो, म्हणजे पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याच्या गप्पा मारत मी मासे मारतेय.

ढलपीपासून सुरुवात करू. सामान काय लावलं होतं ते तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं: दीड फुटाची जाड, पिळाच्या तारेची लीडर आणि पुढे भलामोठा स्नॅप (आमिष अडकवायचा चाप). पाच-सहा औंसांच्या आमिषाला हा लवाजमा जाणवतसुद्धा नाही. पण माझ्या डब्यातलं साल्मो स्लायडर नावाचं ग्लाइड बेट घ्या. लांबी १० सेंटिमीटर, बुडणारा, वजन ४६ ग्रॅम. त्याच्या तोंडाला ती साखळी अडकवलीत की त्याचं नाक खाली जातं. ग्लाइड बेटला पुढे पाणी कापणारी जीभ नसते. दोन्ही बाजू चपट्या, पोटात शिसं, आणि सगळा खेळ तोलाचा. रॉडच्या टोकाने टिचकी मारली की नाक एका बाजूला वळतं आणि अंग त्या बाजूला घरंगळत जातं. घरंगळत जातं ते दोरी ढिली असेल तरच. पतंग उडवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: टिचकी, लगेच ढील, टिचकी, लगेच ढील. दोरी ताणून धरली किंवा नाकाला लोढणं बांधलं, की मग ढलपीच.

माझी लीडर एका तारेची, ताठ, जेमतेम एक फूट, आणि स्नॅप सोसेल तेवढा छोटा. ताठ अशासाठी की आमिष मागे वळलं तरी पुढच्या हुकात तार अडकत नाही. तुमच्या दुपारी दर चौथ्या-पाचव्या कास्टला आमिष स्वतःच्याच तारेत गुंतत होतं का? लिहिलं नाहीत, पण गुंतलं असणार.

आणि म्हणूनच छोटं ग्लाइड बेट निवडताना मी लांबी सगळ्यात शेवटी बघते. मोठ्या आमिषात चुका खपून जातात. हुक एक नंबर मोठे लावा, स्प्लिट रिंग (हुक अडकवायची कडी) जाड घ्या, ते आपलं चालत राहतं. छोट्याला तेवढी उसंतच नसते. दुकानात मी आधी वजन विचारते, मग हुक हातात घेऊन बघते. पुढचा आणि मागचा ट्रेबल (तीन काट्यांचा) हुक एकमेकांना शिवत असतील तर ते आमिष परत खुंटीला. हुक बारीक तारेचे असतील तर मस्की ते सरळ करते, आणि घरी आणून जाड हुक लावले की तोल बदलतो. मग आमच्या घरी टबाचा कार्यक्रम होतो.

टब भरायचा, आमिष पाण्यावर आडवं धरून सोडायचं आणि तळाला टेकेपर्यंत सेकंद मोजायचे. मला फुटाला साधारण दोन सेकंद लागतील एवढं सावकाश बुडणारं आवडतं, तेही आडवं, नाक किंचित खाली चाललं तर चालेल, शेपूट खाली अजिबात नको. वर राहत असेल तर पुढच्या हुकाच्या दांडीला शिशाच्या तारेचे एक-दोन वेढे. शेपटाकडे झुकत असेल तर मागचा हुक हलका. पहिल्या वर्षी मी हे सगळं कोमट पाण्यात केलं, हात गारठतात म्हणून. ऑक्टोबरात तळ्यावर गेले तर घरी छान बुडणारं आमिष जागेवर तरंगत उभं! गार पाणी जड असतं, हे शाळेत शिकलेलं तेव्हा उपयोगी पडलं नाही. आता टबात बर्फ पडतो. नवरा दारातून विचारतो, ‘आज कोणाची अंघोळ?’

आता तुमच्या पाण्याबद्दल. चिप्पेवा फ्लोएजचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. तिथे मस्कीला आमिष दिसण्याआधी अंगाला जाणवावं लागतं, आणि त्यासाठी पाणी ढकलणारं मोठं धूड हवं. छोटं ग्लाइड बेट मुळात मुकं असतं. ना खुळखुळा, ना फिरणारं पातं. तिथे तुमचं दहा इंची बरोबर, माझं चूक. लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. मी मिनेसोटातल्या ज्या मिनेटोंका तळ्यावर फिरते तिथे २०१० मध्ये झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळत बसतात, त्यामुळे पाणी नितळ होत जातं आणि मस्की लांबूनच आमिष बघून ठेवते. त्यात शनिवार-रविवारी मिनियापोलिसमधली निम्मी जनता तळ्यावर. प्रत्येक गवताच्या कडेवरून दहा इंची आमिष दिवसातून कितीदा जात असेल! त्या माशांना मी वीतभराहून लहान, आवाज न करणारं काहीतरी दाखवते, बस्स.

तरी ‘मोठा मासा छोटं खात नाही’ हे मान्य नाही. तुमच्याच विस्कॉन्सिनातल्या ३४ पाणवठ्यांवरच्या हजाराहून जास्त मस्कींच्या पोटात काय निघालं, याचा अभ्यास १९९९ साली छापून आला. सगळ्यात पुढे होते यलो पर्च आणि तळाशी चरणारे सकर मासे. पर्च म्हणजे किती, काका? तुम्ही तळून खाल्ले असतील. बहुतेक तळहाताएवढे, फार तर वीतभर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मीही मोठी आमिषं काढते, तेव्हा छोट्याचा हट्ट नाही. पण जूनमध्ये हंगाम उघडल्याचे पहिले दोन आठवडे, अंडी घालून थकलेला मासा उथळ पाण्यात असताना, किंवा वादळ जाऊन आभाळ निळंशार झालं आणि मासे रुसून बसले की माझ्या हातात स्लायडर असतो. १० चा आधी, वारा असेल तर १२ चा. तो ७० ग्रॅमचा आहे, वाऱ्यात फेकता येतो.

खोल गिळण्याचा मुद्दा. इथे मी वाद घालणार नाही, कारण ते माझ्या हातून झालंय. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, होडीच्या कडेला आमिष पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवताना एकेचाळीस इंची मस्कीने आमिष आडवं न धरता सरळ आत घेतलं. जाळ्यात बघितलं तर मागचा हुक कल्ल्याच्या लाल कमानीत, दुसरा टाळूत. पक्कड घालून उलटं ओढत बसले असते तर कल्ला फाटला असता. कटरने तिन्ही काटे दांडीपासून तोडले, एकेक तुकडा आला तसा काढला. मासा सगळा वेळ जाळ्यात, पाण्यात. रक्त थोडं होतं. नंतर होडीच्या कडेला शेपटीच्या बुडाशी धरून ठेवली तर दहाएक मिनिटं नुसते कल्ले हलत होते. मग तिने एकदाच अंग झटकलं आणि माझी बाही भिजवून गेली. जगली का? पोहत गेली एवढंच मी पाहिलं.

त्या दिवसानंतर कटर पेटीत नसतो, माझ्या बसायच्या जागेशेजारी लटकलेला असतो. ज्याच्याकडे हुक तोडणारा दणकट कटर आणि मोठं, रबर चढवलेलं जाळं नाही त्याने छोटं आमिष लावूच नये, ही ओळ मूळ लेखात पहिल्या परिच्छेदात हवी होती. आजपासून आहे. पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं की मी कुठलंच आमिष लावत नाही, छोटं नाही की मोठं. मिनेसोटात तसंही ५४ इंचांखालची मस्की ठेवता येत नाही, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मासा परत जाणार हे धरूनच घरातून निघायचं. पण सकर एका गळाला टोचून मासा गिळेपर्यंत थांबायचं, या जुन्या पद्धतीने जेवढे मासे गेले त्यांचाही हिशेब कधीतरी मांडू या. तो छोट्या आमिषांच्या खात्यावर नको.

आणखी एक चूक माझी, जी तुमच्याही नजरेतून सुटली. मी लिहिलं होतं की नेहमीचाच मस्कीचा रॉड चालेल. नाही चालत. ३ ते १० औंसांची आमिषं फेकायचा रॉड दीड-पावणेदोन औंसांच्या आमिषाला वाकतच नाही. कास्ट जवळ पडते, आणि जोर लावायला गेलं की रिळावर दोरीचं घरटं. माझा आठ फुटी, १ ते ४ औंसांचा आहे, त्यावर ६५ पौंडांची विणलेली दोरी. रॉडचं टोक इतकं मऊ हवं की टिचकी मारल्यावर ते परत येताना तुम्हाला ढील द्यायला वेळ मिळावा.

तर ते छोटं आमिष फेकून दिलं नसेल तर आधी लीडर बदला आणि एक सकाळ लॅक कूर्ट ओरेय तळ्यावर काढा. तिथलं पाणी नितळ आहे, आणि तुमच्या फ्लोएजपासून गाडीने फार लांब नाही. जाण्याआधी टब. गार पाणी भरा, आणि फुटाला किती सेकंद लागले तो आकडा इथेच खाली लिहा. मग शिशाचे किती वेढे ते मी सांगते.