नेट नागपूरला जात नाही, आपल्याच टॉवरवर तुंबते

पंधरा दिवसांपासून आमच्या तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. ‘रात्री आठ ते अकरा खेड्यांचं नेट काढून नागपूरला देतात. पुरावा म्हणजे काड्या फुल, तरी व्हिडिओ गोल गोल फिरतो. एअरप्लेन मोड चालू-बंद करा, चोरी पकडली जाईल. 5जी आलं म्हणून 4जी मारलं. सिम बदला.’ मी काही वर्षं टॉवरवर अँटेना चढवायचं आणि गावोगाव रेंज मोजायचं काम केलंय, म्हणून लिहितो. त्रास शंभर टक्के खरा. कारण खोटं.

‘नागपूरला देतात.’ हे आपल्याला लगेच पटतं, कारण वावरातल्या मोटारीची लाईन रात्री-अपरात्री येते; वाटतं, नेटचंही तसंच असणार. पण आमच्या दारव्ह्याच्या (यवतमाळ जिल्हा) टॉवरच्या लहरी काही किलोमीटरवर विरतात. त्याच लहरी नागपूरचा टॉवर त्याच्या जागी वापरतोच, इथून नेण्यासारखं काही नाही.

‘काड्या फुल.’ सगळी गोम इथे आहे. काड्या सिग्नलचा जोर सांगतात, गर्दी सांगत नाहीत. एसटी समोर उभी आहे, पण दारातच माणसं लोंबकळताहेत, अशी गत. एका टॉवरवर बहुधा दोन-तीन थर, म्हणजे वेगवेगळ्या मेगाहर्ट्झच्या लहरींच्या वाटा, असतात. 850 किंवा 900 मेगाहर्ट्झचा थर लांब जातो, भिंतीतून शिरतो, पण पट्टा बारीक, बहुतेकदा 5 नाहीतर 10 मेगाहर्ट्झचा. 2300 चा पट्टा रुंद, पण दम कमी. 4जीत 10 मेगाहर्ट्झ म्हणजे नेट वाटायचे 50 तुकडे, 20 म्हणजे 100, आणि ते दर मिलिसेकंदाला सगळ्यांत वाटायचे. त्यात शिवाराच्या टोकावरच्या फोनला तोच व्हिडिओ पोचवायला जास्त तुकडे लागतात.

सांजच्याला अख्खं गाव टिनाच्या छपराखाली, म्हणजे 900 वर. मी बँड, म्हणजे फोन कुठल्या थरावर आहे ते, दाखवणारं ॲप घेऊन पारावर बसलो: 900, काड्या फुल, फोटोही उघडेना. शाळेच्या मोकळ्या मैदानात गेलो, फोन 2300 वर चढला, काडी एक कमी झाली आणि व्हिडिओ धावला!

खालचा थर, म्हणजे 900, भरला की टॉवरनं जवळचे फोन वर 2300 कडे ढकलायचे आणि लांबचे खाली राहू द्यायचे, असं गणित असतं. किती सिग्नलवर वर न्यायचं, कितीवर खाली आणायचं, याचे आकडे कंपनी भरते. दोन आकड्यांत अंतर नसेल तर फोन बेडकासारखा वर-खाली उड्या मारतो. शहराचे आकडे खेड्यात जसेच्या तसे डकवले तर वर कुणी जातच नाही. कंपनीला धरायचं तर इथे धरा.

‘एअरप्लेन मोडनं चोरी पकडली जाते.’ फोन नव्यानं टॉवर शोधतो आणि कधी रिकाम्या थरावर बसतो, एवढंच. घरात शिरला की पुन्हा खाली.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाही, आणि तीच आमच्याकडे रोजची आहे. लाईन गेली की टॉवर बॅटरीवर जातो. बॅटरी पुरावी म्हणून अनेक ठिकाणी वरचे थर बंद करतात, एकटा 900 ठेवतात. काड्या तशाच, सगळा भार एकावर. कमी वापर असताना, मध्यरात्रीनंतर, वीज वाचवायलाही थर झोपवतात. पण ते आठ वाजता नव्हे.

5जी भारतात ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं. जो फोन 5जीवर जातो, तो 4जीतली जागा मोकळीच करतो. ते गावात नसेल, तर त्याला दोष देऊन काय उपयोग?

सिम बदलण्याचं म्हणाल, तर आधी टॉवरखाली जाऊन वर बघा. बऱ्याच गावांत दोन कंपन्यांच्या अँटेना एकाच खांबावर असतात. लाईन गेली की दोघींची बॅटरी सोबतच उतरते. बदलायचं असेल तर शेजाऱ्याचं सिम रात्री साडेआठला, घरात, लाईन गेलेली असताना चालवून बघा. आणि तक्रारीत ‘नेट नाही’ एवढंच लिहू नका; वेळ, जागा, बँडचा आकडा आणि लाईन होती की नव्हती, हे लिहा.