रेंज फुल, नेट गुल

वीज गेली की आमच्या घरचे खिडकीतून डोकावतात, शेजारी दिवे आहेत का ते बघायला. नेट गेलं की माझ्याकडे बघतात. फार पूर्वी मी एकदा राउटरमागची सैल झालेली वायर नीट खोचली आणि नेट आलं. तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे, आणि या खात्यात राजीनामा स्वीकारत नाहीत.

सुरुवात जबान्यांपासून करावी लागते.

"काय होतंय नेमकं?"

"चालत नाहीये."

"काय चालत नाहीये?"

"काहीच."

हे 'काहीच' फार फसवं असतं. सासूबाईंच्या मालिकेवर नुसतं गोल चक्र फिरत असतं. मुलाचा गेम अडखळत का होईना, चालू असतो. नवरा मीटिंगमध्ये तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठलेला असतो आणि पलीकडचे लोक तो विचार करतोय असं समजून थांबलेले असतात. लेकीचं सगळं छान चालू असतं, कारण ती केव्हाच मोबाइल डेटावर गेलेली असते, पण हे ती विचारल्याशिवाय सांगत नाही. आता यात बाहेरून येणारी लाइनच बंद आहे, की वेग कमी आहे, की एकाच खोलीत सिग्नल पोचत नाहीये, की एखादा फोनच रुसलाय? प्रत्येकाचा इलाज निराळा. पण घराच्या लेखी रोग एकच: मी लक्ष देत नाही.

त्यात तो पुरावा पुढे येतो. "अगं, पण रेंज तर फुल दाखवतंय!"

फोनवरच्या त्या पंख्यासारख्या कमानींनी जेवढी माणसं गंडवली तेवढी कुणीच गंडवली नसतील. त्या फक्त एवढंच सांगतात, की फोनचं आणि राउटरचं आपापसात बरं चाललंय. राउटरचं पुढे जगाशी बोलणं बंद पडलंय, हे त्यांच्या गावीही नसतं. पोस्टमन हसतमुखाने दारात उभा आहे आणि पोस्ट ऑफिसला कुलूप आहे, त्यातला प्रकार. मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं.

"म्हणजे ते आपल्या डब्यापर्यंतचंच दाखवतं?"

"हो आई. डब्याच्या पुढचं नाही."

"मग पुढचं दाखवायला काय धाड भरली होती मेल्यांना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. फार तर एखादं बारीकसं उद्गारचिन्ह येतं, तेही सगळ्यांचा आरडाओरडा झाल्यावर.

पहिला उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतो. बंद करून चालू कर. याला हसणारे हसोत, मी हसत नाही. राउटर म्हणजे लहानसा कॉम्प्युटरच. कोण कुणाशी बोलतंय याची वही तो सतत भरत असतो आणि कधीकधी ती भरून त्याचं डोकं चालेनासं होतं. बंद केला की वही कोरी. मात्र बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबायचं असतं, म्हणजे आत साठलेली वीज पूर्ण उतरते. आमचे हे बटण खाली-वर असं करतात, की राउटरला आपण बंद झालो होतो हे कळतही नाही. नंतर त्याला उठून बसायला एखाद-दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात तिन्ही खोल्यांतून "आलं का?" येत राहतं.

मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते रीस्टार्टचं नव्हे, रीसेटचं. त्यात टाचणी खुपसून दाबून धरली, की नेटवर्कचं नाव, पासवर्ड, कंपनीने दिलेलं युजरनेम सगळं धुऊन निघतं. माझ्या मुलाला हे भोक फार खुणावतं. म्हणून घरातल्या टाचण्या माझ्या ताब्यात.

मग दिवे बघायचे. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. केबल कुठेतरी तुटलीय नाहीतर मुडपलीय. खरं सांगू? मला तो लाल दिवा बघून हायसं वाटतं. दोष बाहेरचा, मी सुटले. फक्त कस्टमर केअरला फोन करावा लागतो. तिथे मी लाल दिव्याचं साद्यंत वर्णन करते आणि पलीकडून अत्यंत मृदू आवाज येतो, "मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करून बघता का?"

सगळे दिवे हिरवे असले की खरी परीक्षा. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला मी लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडते. वायरवर सुरळीत आणि हवेत रडतंय, म्हणजे दुखणं वायरलेसचं. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही आणि बिचाऱ्याने स्वतःच एक बनवून घेतलाय. ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, जातंय पण एकही साइट उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस झोपलाय. हे सगळं मी मोठ्याने सांगत असते. ऐकत कुणीच नसतं.

पण आमच्या घरातलं सगळ्यात छळवादी दुखणं वेगळंच होतं. यांची मीटिंग मध्येच तुटायची आणि थोड्या वेळाने आपोआप जुळायची. दोषी निघाला मायक्रोवेव्ह. तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवरच चालतो आणि जुनं वाय-फायही तिथेच. ओव्हनच्या दारातून किंचित लहरी निसटतात. माणसाला त्याचं काही नाही, पण वाय-फायचं कुजबुजणं त्यात बुडून जातं. सासूबाई काहीतरी गरम करत होत्या आणि त्यांचा मुलगा मीटिंगमध्ये गोठत होता! हे ऐकून घरचे हसले, पण ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८पासून अधूनमधून चमत्कारिक संकेत मिळत होते. २०१५ साली छडा लागला, तेव्हा कळलं की तिथलंच कुणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आत त्याचं दार उघडत होतं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना एवढी वर्षं लागली. मला एक महिना तरी द्या, एवढंच माझं म्हणणं.

मग यांचा लॅपटॉप वाय-फायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर टाकला. वेग मस्त, पण भिंत आली की त्याचा जीव जातो. आणि राउटर होता कुठे? टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला खेटून, वर आरसा. कारण 'दिसायला बरं नाही'. धातू लहरी अडवतो, आरशामागचा मुलामाही तेच करतो. यावर यांचा तोडगा असा, की सगळे अँटेना टॉर्चसारखे आपल्या टेबलाकडे रोखायचे. नेमकं उलट! अँटेना उभा असला की लहरी आडव्या, चहूबाजूंना पसरतात. टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी जातात. हे मी सांगितलं, ते पटलं नाही. मी अँटेना उभे केले, ते मात्र चाललं.

शेजाऱ्यांचीही नेटवर्कं होतीच, सगळी एकाच चॅनलवर दाटीवाटीने. २.४मध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सगळे ६वर बसले होते, मी गुपचूप ११वर सरकले.

आता राउटर हॉलच्या मधोमध, पुस्तकांच्या कपाटावर उंच बसलाय आणि सगळ्या खोल्यांत व्यवस्थित चालतंय. फक्त काल त्याच्यावर एक विणलेला रुमाल आला. धूळ बसते म्हणून.

"आई, कापडाने लहरी अडत नाहीत, पण त्याची गरम हवा कोंडते."

त्यांनी रुमाल उचलून डब्याला हात लावून बघितला.

"तापलंय खरं गं. सारखं बंद-चालू, बंद-चालू करत असतेस, दुसरं काय होणार त्याचं!"