आधी गारगोट्या, मग मूग

समजा, तुम्ही अथेन्सचे नागरिक आहात. म्हणजे पुरुष आहात, कुणाचे गुलाम नाही आणि आईबाप दोघंही अथेन्सचेच. यातलं एक जरी कमी असेल तर पुढचं वाचू नका. सभेत उभं राहायचा हक्कच नसेल, तर बोलण्याची कला शिकून काय करणार?

तर काल संध्याकाळी तुम्ही शेजाऱ्याला बदडलंत आणि त्याच्या अंगावरची लोकरीची शाल काढून घेतलीत. होतं असं. आपल्याकडे वक्त्याला शाल भाषण झाल्यावर मिळते, तुम्ही ती आधीच घेतलीत, इतकंच. शाल उबदार आहे, परत द्यायची तुमची इच्छा नाही आणि शेजारी कोर्टात गेलाय.

अजिबात घाबरू नका. अशा माणसासाठी अथेन्ससारखं गाव नाही.

आधी मैदान बघून घ्या. इथे तुमच्या वतीने उभा राहणारा वकील मिळत नाही. फिर्यादीचं तोंड फिर्यादीचं, आरोपीचं आरोपीचं. कायदा शिकलेला न्यायाधीशही नाही. बाकांवर २०१ किंवा ५०१ नागरिक बसलेले असतात, वर्षाच्या ६,००० जणांच्या यादीतून चिठ्ठीने निवडलेले, दिवसाला तीन ओबोल (लहान नाणी) भत्त्यावर. त्यांनी आपसात खल करायचा नसतो. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि उठून मत टाकायचं. बाजूला एका भांड्यातून पाणी गळत असतं. आपल्या घटिकापात्राचा हा लांबचा भाऊ. आपलं बुडायचं, हे रिकामं व्हायचं. पाणी संपलं की तुमचं बोलणं संपलं.

तेव्हा ‘जे घडलं ते सांगून मोकळं व्हावं’ असा काही विचार मनात आला असेल तर तो इथेच सोडा. खरं सांगायला फार पाणी लागतं.

(पुढे काळाची थोडी ओढाताण होईल. दीडशे वर्षांतले गुरुजन मी एकाच गल्लीत बसवतोय. तुमची तारीख जवळ आली आहे, नाइलाज आहे.)

पहिला धडा सिसिलीहून आलेला. तिथल्या सिराक्यूजमध्ये इ.स.पू. ४६७च्या सुमारास हुकूमशाही कोसळली आणि बळकावलेल्या जमिनी परत मागायला माणसं कोर्टात लोटली. अशा वेळी कागद आणि साक्षीदार कुठून आणणार? तेव्हा कोराक्स आणि त्याचा शिष्य तिसियास यांनी एक तोडगा काढला, असं परंपरा सांगते: काय घडलं ते सोडा, काय घडण्यासारखं आहे ते बोला. याला ते ‘एइकोस’ म्हणायचे, म्हणजे संभव. तुमची शालीची केसही याच धड्यातली आहे, प्लेटोने ‘फायड्रस’ या संवादात तिसियासच्या नावावर नोंदवलेली. तुम्ही काटकुळे असाल तर हात पसरून विचारा, “माझ्यासारखा माणूस या पहिलवानाच्या अंगावर जाईल?” शेजाऱ्याचीही पंचाईत बघा. एका काटकुळ्याने मला झोडपलं असं तो भरकोर्टात कबूल करणार नाही. तो सांगेल, हल्लेखोर पुष्कळ होते. दोघंही खोटं बोलणार आणि कोर्ट त्यातल्या बेतीव खोट्याला मत देणार. तुम्ही धिप्पाड असलात तरी सोय आहे: “संशय माझ्यावरच येणार हे मला ठाऊक असताना मी कशाला हात उगारीन?” देहयष्टी कशीही असो, ही विद्या अंगाला बसते.

याच तिसियासने गुरूची फी बुडवली, अशी गोष्ट आहे. गुरू कोर्टात गेला. शिष्याचं म्हणणं, “मी खटला जिंकलो तर द्यायचंच नाही, आणि हरलो तर तुम्ही मला काही शिकवलंच नाही.” गुरूने हेच उलटं करून त्याच्या तोंडावर मारलं. कोराक्स म्हणजे कावळा. वाईट कावळ्याचं वाईट अंडं, असं म्हणून कोर्टाने दोघांना हाकलून दिलं. आपण म्हणतो, खाण तशी माती.

गुरू निवडताना फी नीट विचारा. प्रोटागोरस १०० मिना घेई असं सांगतात, म्हणजे १०,००० द्राख्मा. चांगल्या कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळे, तेव्हा सुट्टी न घेता सत्तावीस वर्षांची मजुरी. प्रोडिकसकडे दोन वर्ग होते, पन्नास द्राख्मांचा आणि एक द्राख्माचा. सॉक्रेटिस सांगे, पन्नासवाला ऐकला असता तर शब्दांच्या अचूकपणाबद्दल सगळं समजलं असतं, पण माझी ऐपत एक द्राख्माचीच. हा माणूस कोर्टात पुढे का हरला, ते इथूनच कळू लागतं.

गोर्गियास मात्र ऐकाच. इ.स.पू. ४२७मध्ये तो सिसिलीतल्या लिओंटिनी शहराचा दूत म्हणून मदत मागायला आला आणि अथेन्सकर त्याच्या यमक-अनुप्रासांवरच लट्टू झाले. ज्या हेलनमुळे ट्रॉय जळालं, तिला त्याने एका भाषणात निर्दोष सोडवलं. देवांनी नेलं असेल, बळजबरीने नेलं असेल, प्रेमाने नेलं असेल नाहीतर शब्दांनी नेलं असेल. चारही ठिकाणी तिचा काय दोष? शब्द हा फार मोठा सत्ताधीश आहे, मनावर त्याचा असर शरीरावरच्या औषधासारखा होतो, असं तो पटवत नेतो. आपण मान डोलावत शेवटाला येतो आणि तिथे हा गृहस्थ म्हणतो, हे मी हेलनच्या स्तुतीसाठी आणि माझ्या खेळासाठी लिहिलं. तुम्ही एवढा प्रामाणिकपणा करू नका. लोकांना आपण खेळणं होतो हे कळलं तरी चालतं, पण मतदान झाल्यावर.

त्याच वर्षीचा दुसरा नमुना क्लिऑन या अथेन्सच्या पुढाऱ्याचा. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनी शहराने बंड केलं आणि ते फसलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं की तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारायचं, बायकामुलांना गुलाम करायचं. हुकूम घेऊन जहाज निघालंही. रात्री लोकांना पश्चात्ताप झाला, दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. क्लिऑन उभा राहिला आणि श्रोत्यांनाच झापू लागला: तुम्ही भाषणांचे नुसते प्रेक्षक झाला आहात, गोड बोलणाऱ्याच्या मागे जाता! हे त्याने एका अतिशय घोटीव भाषणातच सांगितलं. वक्त्यांपासून सावध राहा, हे वाक्य वक्त्यानेच म्हणायचं असतं; ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपला माणूस, आणि आपण काही इतके भोळे नाही.

त्याला उत्तर दिलं डिओडोटसने. त्याने दयेचा शब्द काढला नाही, न्यायही बाजूला ठेवायला सांगितला. यांना मारून आपला फायदा काय, एवढंच विचारलं. हात वर झाले ते जवळजवळ बरोबरीने. थोडक्यात डिओडोटस जिंकला. दुसरं जहाज निघालं. वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच दारू-तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, झोपले ते पाळीपाळीने. पहिला हुकूम वाचून होतो न होतो तोच ते पोचले. शहर वाचलं. बंडाचे म्होरके म्हणून अथेन्सला पाठवलेले मात्र मारले गेलेच, इतिहासकार थुसिडिडीसच्या पोथीत तो आकडा हजाराच्या वर आहे. तुम्ही एवढंच टिपून ठेवा की कुणाचा जीव मागायचा असेल तर तो फायद्याच्या पुडीत बांधून मागावा.

आता तुमच्या फाइलकडे वळू. इथे अॅरिस्टॉटलला पर्याय नाही. कायदा तुमच्या विरुद्ध आहे? तो म्हणतो, लिहिलेल्या कायद्यावर आणखी एक न लिहिलेला, सगळ्या माणसांचा कायदा असतो. सोफोक्लीसच्या नाटकातल्या अँटिगनीने त्याचाच दाखला दिला होता. कायदा बाजूने आहे? मग म्हणा, वैद्यापेक्षा शहाणं होऊ नये, आणि वापरायचाच नसेल तर कायदा हवाच कशाला? साक्षीदार नाहीत? सांगा, साक्षीदाराला पैसे चारता येतात, संभवाला लाच देता येत नाही. साक्षीदार आहेत? सांगा, संभवावर खोट्या साक्षीचा खटला भरता येतो का? शपथेचंही असंच, घेतलीत तरी धर्म, नाकारलीत तरी धर्म. आमच्या ओळखीत एक वकीलकाका होते, त्यांनी अॅरिस्टॉटलचं नावही ऐकलं नसावं. पण हे सगळं त्यांना येत होतं.

गुलामाची साक्ष अथेन्समध्ये छळ करूनच घेतली जाई, तरच ती ग्राह्य. त्यावरही सल्ला तयार आहे. छळातून निघालेलं तुमच्या सोयीचं असेल तर म्हणा, खरा पुरावा असतो तो हाच. गैरसोयीचं असेल तर म्हणा, वेदनेत माणूस काहीही बोलतो. दुसरं वाक्य खरं आहे, हे अॅरिस्टॉटलला कळत होतं. ते त्याने सोयीचा मुद्दा म्हणून नोंदवलं आणि तो पुढे शपथांकडे वळला. आपणही वळू, गुलाम काही आपला अशील नाही.

शब्द तोलून वापरा. शाल ‘हिसकावली’ म्हणू नका. चाचे हल्ली स्वतःला पुरवठादार म्हणवून घेतात, असं अॅरिस्टॉटलनेच नोंदवलंय. तोच सिमोनिडीस कवीची गोष्ट सांगतो. खेचरांची शर्यत जिंकलेल्या माणसाने त्याच्याकडे थोडक्या पैशांत विजयगीत मागितलं. कवी म्हणाला, अर्धगाढवांवर कविता करणं मला कसंसंच वाटतं. रक्कम वाढली. मग ओळ आली, “वादळपायी घोड्यांच्या कन्यांनो, तुमचा जयजयकार असो!” गाढवांच्याही त्या कन्या होत्याच, पण दर वाढल्यावर वंशावळ एकाच बाजूने मोजतात.

हे सगळं स्वतः लिहिणं जमणार नसेल तर लिसियासकडे जा. तो भाषण लिहून देईल, तुम्ही पाठ करा. त्याची खुबी अशी की शेतकऱ्याचं भाषण शेतकऱ्याचंच वाटतं, अडाण्याचं अडाण्याचं. त्याने एका अपंग माणसासाठी लिहिलेलं भाषण आहे. त्याला सरकारकडून दिवसाला एक ओबोल मिळे, आणि तो घोड्यावर बसतो म्हणजे धडधाकट आहे, असा कुणीतरी आरोप केला. लिसियासचा माणूस म्हणतो, पैसे असते तर स्वतःचं खोगीर घातलेलं खेचर घेतलं असतं, नाही म्हणून लोकांचे घोडे मागून आणतो. आणि मी दोन काठ्या वापरतो, बाकीचे एक, मग माझ्या दोन काठ्या हाही ताकदीचा पुरावा का? खरा असो वा खोटा, हा माणूस मला आवडतो. आणि त्याच्या तोंडून मी लिसियासच्या प्रेमात पडलोय हे कळूनही आवडतो.

राहता राहिला आवाज. अथेन्सचा गाजलेला वक्ता डेमोस्थेनीस, त्याचा आवाज बारीक होता, जीभ अडखळायची. त्याने तोंडात गारगोट्या धरून बोलण्याचा सराव केला, चढण चढताना श्लोक म्हटले, तळघर खोदून त्यात तालीम केली आणि बाहेर पडायची लाज वाटावी म्हणून अर्धं डोकं भादरून घेतलं, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. इथपर्यंत गोष्ट शाळेच्या वाचनात असते. पुढची नसते. इ.स.पू. ३२४मध्ये अलेक्झांडरचा खजिनदार हर्पालस पैसा घेऊन अथेन्सला पळून आला. त्याच्याकडचा एक सोन्याचा पेला डेमोस्थेनीसच्या डोळ्यांत भरला; हातात तोलत त्याने विचारलं, हा किती भरेल? हर्पालस हसून म्हणाला, तुमच्यासाठी वीस टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा). रात्री पेला आणि वीस टॅलेंट घरपोच झाले. दुसऱ्या दिवशी सभेत आपले वक्ते गळ्याला लोकर गुंडाळून आले आणि खुणांनी सांगू लागले, आवाज बसलाय. टवाळ म्हणाले, घशाला सूज नाही, चांदी आली आहे. पुढे पन्नास टॅलेंट दंड झाला, तुरुंग झाला, तिथून पळूनही गेले.

आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. ही म्हण अथेन्सला लागू नाही. आधी गारगोट्या चघळा, नाव झालं की मूग गिळा; दुसऱ्या कामाचा दर जास्त आहे.

नापास विद्यार्थीही बघून ठेवा. इ.स.पू. ३९९, सॉक्रेटिस, वय ७०. लिसियास स्वतः भाषण लिहून घेऊन गेला होता, असं सांगतात. त्याने वाचलं, सुंदर आहे म्हणाला आणि परत दिलं: सिक्योन शहराचे उंची जोडेही पायाला बसले असते, म्हणून मी ते घालू का? रडकी मुलं कोर्टात उभी करायची रीत होती. याला तीन मुलगे, एकालाही आणलं नाही. दोषी ठरल्यावर शिक्षा काय द्यावी असं विचारलं, तर म्हणाला, मला सरकारी खर्चाने जेवू घाला. फक्त तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटला असता, हे त्यानेच मोजून दाखवलं. तीस मतं! तुमच्या शेजाऱ्याच्या एका हुंदक्यात तेवढी असतात.

आता निघा, तारीख उद्याची आहे. आज सकाळी शेजारी लिसियासच्या घरातून बाहेर पडताना दिसला, तेव्हा तुमची दोन्ही भाषणं एकाच हातची असणार. अडखळलात तर पुढचा शब्द त्याला विचारा. आणि कोर्टात जाताना ती शाल अंगावर घेऊ नका. गार वाजलं तरी चालेल.